परवानगी मिळाली, मजबुती विचारायची राहिली : दीवमधील एका बंद घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या जुन्या शहरात मांडवीच्या आसपासच्या पोळांमधून, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमधून, रविवारी सकाळी जुनी घरे पाहत हिंडणारा, त्यांची छायाचित्रे घेणारा आणि जमेल तेथे मोजमापे टिपून ठेवणारा मराठी भाषकांचा एक लहानसा गट आहे. गटातील बहुतेक मंडळी दांडिया बाजार, रावपुरा आणि प्रतापनगर या भागांत लहानाची मोठी झालेली आहेत. नजरबाग राजवाडा वर्षानुवर्षे ढासळत राहिला आणि शेवटी पाडला गेला, हे त्यांच्यातील ज्येष्ठांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे. घर उभे आहे तोवरच त्याची नोंद करून ठेवली पाहिजे, ही त्यांची तळमळ तिथून आली आहे आणि ती मला मनापासून योग्य वाटते. पुढील प्रकरणात जे घडले ते बेफिकीर माणसांकडून घडलेले नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

दिवाळीच्या सुटीत या गटातील सात जण दीवला गेले. गटप्रमुख बँकेतून निवृत्त झालेल्या बाई असून सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांच्याबरोबर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक स्थापत्य अभियंता, खासगी कंपनीत नोकरी करणारा एक हौशी छायाचित्रकार, वास्तुकला शिकणारी एक विद्यार्थिनी, एक शिक्षक आणि एक मध्यमवयीन दांपत्य होते. हे लेखन त्यांच्यापैकी बहुतेकांशी, तसेच घराच्या राखणदारांशी झालेल्या बोलण्यावर आधारलेले आहे. व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. घर कोणत्या गल्लीत आहे हेही मुद्दाम सांगितलेले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

दीवमध्ये इतकी घरे बंद का, हे समजल्याशिवाय या प्रकरणातील निर्णय नीट उलगडणार नाहीत. हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेला गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने पोर्तुगिजांशी करार केला आणि १५३५ मध्ये दीवचा किल्ला उभा राहू लागला. पुढे १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे त्याने सोसले, आणि पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ पर्यंत येथे टिकली. या दीर्घ काळात दीवचे वाणी व्यापारी पूर्व आफ्रिकेशी, विशेषतः मोझांबिकशी, कापडाचा आणि हस्तिदंताचा व्यापार करीत होते, आणि बेटावरची अनेक कुटुंबे समुद्रापलीकडे स्थायिक होत गेली. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तेथील कित्येक कुटुंबे पोर्तुगालला गेली. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली असल्यामुळे पुढच्या पिढ्याही लिस्बनकडे आणि तेथून ब्रिटनकडे सरकल्या. घरे मात्र येथेच राहिली. कोरीव दरवाजाला कुलूप, किल्ली शेजाऱ्याकडे, आणि मालकी तीन-चार देशांत विखुरलेल्या वारसांची. एका वारसाने दुरुस्ती करायची म्हटली तर दुसऱ्याची सही मिळत नाही, आणि कौले मात्र कोणाच्या सहीची वाट न पाहता दर पावसाळ्यात थोडी थोडी सरकत राहतात.

नेमका प्रश्न

गटाला जे घर पाहायचे होते ते असेच एक दुमजली घर होते. खाली दगडी भिंती, वर लाकडी सज्जा, दर्शनी भागावर फिरंगी धाटणीची वेलबुट्टी आणि दरवाजावर सौराष्ट्राचे कोरीव काम, असा तो संगम होता. विद्यार्थिनीला आपल्या अभ्यासासाठी त्याचा आराखडा काढायचा होता, छायाचित्रकाराला आतला चौक हवा होता, आणि ताईंना एवढेच वाटत होते की दीवपर्यंत येऊन केवळ समुद्रकिनारा पाहून परतू नये.

प्रश्न वरकरणी एकच होता, की आत जायचे कसे. वस्तुतः ते दोन स्वतंत्र प्रश्न होते. आत जाण्याचा अधिकार कोण देणार, हा पहिला. आणि आतला मजला माणसाचे वजन पेलेल की नाही हे कोण सांगणार, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळताच दुसराही सुटल्यासारखा सर्वांना वाटला, आणि या प्रकरणातील जवळपास सगळे तिथूनच पुढे घडले.

विचारात घेतलेले पर्याय

निघण्यापूर्वी वडोदऱ्यात ताईंच्या घरी जी बैठक झाली तिच्यात चर्चा बरीच सविस्तर झाली होती. केवळ खुली स्थळे पाहावीत, असा एक विचार होता. दीवचा किल्ला पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, सेंट थॉमस चर्चमध्ये संग्रहालय आहे, आणि नगराच्या तटबंदीतील झांपा दरवाजा, फिरंगीवाड्यातील रस्ते, नगरशेठची हवेली यांचे दर्शनी भाग रस्त्यावरून मनसोक्त पाहता येतात. हा पर्याय कमी साहसाचा म्हणून मागे पडला. माझ्या मते तो कमी दर्जाचा मुळीच नव्हता. ज्याला दगडी बांधकाम वाचता येते त्याला झांप्यापासून किल्ल्यापर्यंतचा एक रस्तासुद्धा दिवसभर पुरतो.

वारसांशी पत्रव्यवहार करून लेखी संमती मिळवावी, असे शिक्षकांनी सुचवले. सुटी तोंडावर आली होती, पत्ते हाताशी नव्हते, म्हणून ते राहून गेले. सज्जा आणि छप्पर ड्रोनने टिपावे, अशीही एक कल्पना निघाली, परंतु नागोव्याजवळ विमानतळ असल्यामुळे ती तिथल्या तिथे सोडून देण्यात आली. उघड्या किंवा मोडक्या खिडकीतून आत शिरण्याचा मार्ग छायाचित्रकाराने बोलून दाखवला, तेव्हा ताईंनी स्पष्ट नकार दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमणासाठी एक वर्षापर्यंतची कैद, ५,००० रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अपराध करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा उद्देश असल्याखेरीज तो गुन्हा होत नाही, असा युक्तिवाद छायाचित्रकाराने केला, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्यही होते. त्यावर ताईंनी कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला आणि, आपल्या दांडिया बाजारातल्या बंद वाड्यात कोणी असे शिरलेले आपल्याला चालेल का, एवढेच विचारले.

शेवटी किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या राखणदारांना विनंती करायची, असे ठरले. त्या परिस्थितीत हा पर्याय बरा होता, पण तो अपुरा आहे हे कोणी बोलून दाखवले नाही. राखणदाराला कुलूप उघडता येते. घर दाखवण्याचा अधिकार मालकाने त्याला दिलेला आहे की नाही, हे वेगळे विचारावे लागते.

घराच्या दारात

तारापूर, भावनगर, महुवा, ऊना असा रात्रभरचा प्रवास करून गट सकाळी दीवला पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी राखणदारांकडे गेला. सत्तरीच्या पुढचे ते गृहस्थ शेजारच्याच घरात राहत होते. वडोदऱ्याची मराठी माणसे गुजराती घरच्यासारखी बोलतात, त्यामुळे संवाद लगेच जुळला. चहा झाला, दोन्हीकडच्या मुलाबाळांची विचारपूस झाली, आणि ताईंनी विषय काढताच ते म्हणाले, "जोई लो ने बेन, कोण ना पाडे छे?" (पाहून घ्या ना ताई, नाही कोण म्हणते?) गटाने याला परवानगी मानले. खरे पाहता ते एका वृद्ध यजमानाचे आतिथ्य होते. लिस्बनमधील मालकांना एक फोन करून विचाराल का, ही विनंती त्याच क्षणी करता आली असती, आणि राखणदारांनी नंतर मला सांगितले की त्यांनी तो आनंदाने केला असता. भाषा इतकी आपली वाटली की औपचारिक विचारणा परकेपणाची ठरेल असा संकोच ताईंना वाटला. परमुलखात, परभाषेत असते तर त्यांनी ती नक्की केली असती, असे त्यांचेच म्हणणे आहे.

त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न विचारायचा राहिला. राखणदार स्वतः वरच्या मजल्यावर कित्येक वर्षांत गेलेले नव्हते. गुडघ्यांमुळे ते जिना टाळत, खालचा चौक झाडून घेत आणि कुलूप लावत. तुम्ही वर शेवटचे केव्हा गेला होता, असे सात जणांपैकी एकाने जरी विचारले असते, तरी गट जिन्यापाशीच थांबला असता.

मजबुतीचा विषय निघालाच नाही असे नाही. शिक्षकांनी अभियंत्यांकडे पाहून "काका, वर जायला हरकत नाही ना?" असे विचारले. अभियंत्यांनी खालून छताकडे नजर टाकली, मधल्या तुळया सरळ आणि जाडजूड दिसल्या, आणि त्यांनी एका वेळी तिघांनीच वर जावे असे सांगितले. त्यांची सारी नोकरी रस्ते आणि मोऱ्या यांच्या कामात गेली होती. जुन्या लाकडी बांधकामाशी त्यांचा संबंध हौसेपुरताच होता. हे त्यांनी कधी लपवले नव्हते, परंतु अभियंता सोबतीला आहे एवढ्यावर इतर निश्चिंत झाले.

मजला का खचला

या भागाकडे मी थोडे अधिक लक्ष वेधू इच्छितो, कारण जुन्या घरांत हिंडणाऱ्या पुष्कळ मंडळींना ते ठाऊक नसते. वडोदऱ्याच्या वाड्यांमध्ये, विटांच्या कोरड्या भिंतींत बसवलेल्या तुळया पाहून या गटाची नजर तयार झाली होती. दीवमध्ये भिंत सच्छिद्र दगडाची असते आणि हवा समुद्राची. वाऱ्याबरोबर आलेले मीठ दगडाच्या छिद्रांत साठते, ते हवेतील ओल शोषून घेते, आणि भिंत पावसाळा सरल्यावरही आतून दमट राहते. तुळईचे टोक अशा भिंतीत खोल गेलेले असते. लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या वर टिकून राहिले की बुरशीला वाव मिळतो, आणि वाळवीही ओल्या टोकाकडूनच शिरते. परिणामी तुळईचा मधला भाग वर्षानुवर्षे ठणठणीत दिसत राहतो, आणि भिंतीत दडलेले टोक, ज्यावर सगळा भार टेकलेला असतो, ते भुसभुशीत झालेले असते. त्यातच छपराची कौले सरकलेली असली तर पाणी भिंतीच्या कडेने उतरते आणि त्याच टोकांवर पडते.

अभियंत्यांनी पाहिला तो तुळयांचा मधला भाग होता. टोके जिथे भिंतीत शिरतात तिथे खालून विजेरीचा उजेड टाकला असता, तर चुन्यावर उतरलेले काळपट ओघळ दिसले असते. पेचकसाचे टोक लाकडात दाबून पाहिले असते, तर ते लोण्यात शिरावे तसे आत गेले असते. नंतर दोन्ही गोष्टी करून पाहण्यात आल्या, आणि दोन्हींनी हेच दाखवले.

छायाचित्रकाराने वर जाण्याआधी विद्यार्थिनीला एक सल्ला दिला होता, की मजल्याच्या मधोमध न जाता भिंतीला धरून चालावे. पडीक इमारतींत फिरणाऱ्यांमध्ये हा सल्ला जगभर प्रचलित आहे, आणि फळ्या मधोमध वाकलेल्या असतात तेथे तो योग्यही ठरतो. तुळयांची टोके कुजलेली असताना मात्र भिंतीलगतचा पट्टा हाच सर्वांत धोक्याचा असतो. विद्यार्थिनी टेप घेऊन खिडकीच्या कोपऱ्याकडे भिंतीला लागून सरकली, आणि तेथील फळ्या तिच्या वजनाने खाली गेल्या. तिचा उजवा पाय मांडीपर्यंत मजल्यातून आरपार गेला, पोटरीत जुना खिळा घुसला, आणि डावा पाय अंगाखाली दुमडला.

पुढचा पाऊण तास

छायाचित्रकार आणि दांपत्यातील गृहस्थ तिच्याकडे धावायला निघाले, तेव्हा अभियंते खालून ओरडले, "कुणीही पुढे जाऊ नका, आहात तिथेच बसा!" या एका वाक्याने फार मोठा अनर्थ टळला, असे मला वाटते. ज्या पट्ट्याला एका मुलीचे वजन पेलले नाही, त्यावर आणखी दोन पुरुष गेले असते तर अख्खा कोपरा कोसळला असता. मजबुतीबाबत त्यांचा पहिला अंदाज चुकला असला, तरी यापुढच्या त्यांच्या सूचना अचूक होत्या. विद्यार्थिनीला पाय ओढून काढण्याचा प्रयत्न न करता पुढे ओणवे होऊन वजन छातीवर आणि हातांवर पसरवायला त्यांनी सांगितले. खालच्या खोलीत कोणी तिच्या बरोबर खाली उभे राहू नये, असे शिक्षकांना बजावले. राखणदारांच्या घरून बांबूची लांब शिडी मागवली आणि ती आडवी करून, एक टोक जिन्याच्या दगडी उंबऱ्यावर आणि दुसरे मधल्या भिंतीच्या दाराच्या दगडावर टेकवली, म्हणजे भार फळ्यांवर न येता दगडावर जाईल. त्या शिडीवर पालथी पडून ती सरकत सरकत बाहेर आली. या सगळ्यात सुमारे पाऊण तास गेला.

रुग्णालयाकडे जाताना गाडीत आणखी एक निर्णय झाला. किल्ल्याच्या पायऱ्यांवरून घसरली असे सांगावे, म्हणजे राखणदारांना आणि आपल्यालाही चौकशीचा त्रास होणार नाही, असे दांपत्याने सुचवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ताईंनी ते मानले नाही. पायऱ्यांवरची जखम आणि वर्षानुवर्षांच्या घाणीतल्या गंजक्या खिळ्याची जखम यांवरचे उपचार एकसारखे नसतात, आणि खोटे पुढे उघडकीस आले तर सगळे बालंट त्या वृद्ध गृहस्थांवर येईल, ही त्यांची दोन कारणे होती. डॉक्टरांना घडले तसे सांगण्यात आले. धनुर्वाताची लस देण्यात आली, जखम धुऊन लगेच न शिवता मोकळी ठेवण्यात आली, आणि क्ष-किरण तपासणीत डाव्या घोट्याच्या हाडाला चीर आढळल्याने प्लास्टर घालण्यात आले. पोलिसांनी येऊन जबाब घेतला. तक्रार कोणाचीच नसल्याने प्रकरण तिथेच थांबले. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत आदर वाटतो तो या निर्णयाविषयी.

परिणाम

विद्यार्थिनी काही आठवड्यांत चालू लागली. राखणदारांचे प्रकरण इतके सहज मिटले नाही. मालकांपैकी एकाला ही बातमी नातेवाइकांकडून समजली आणि किल्ली काढून घेण्याची भाषा सुरू झाली. त्या किल्लीबरोबर दरमहा मिळणारी थोडी रक्कमही जाणार होती. एखाद्या बंद घरात पाहुणा म्हणून शिरताना आपण कोणाची रोजीरोटी पणाला लावतो आहोत, हा विचार गटाच्या बैठकीत आलाच नव्हता, आणि तो पुष्कळांच्या बैठकीत येत नाही. ताईंनी सर्व सदस्यांच्या सह्यांचे पत्र पाठवून जबाबदारी संपूर्णपणे गटाची असल्याचे कळवले आणि खचलेल्या भागाचा खर्च देऊ केला. लिस्बनच्या वारसाने पत्राला शांतपणे उत्तर दिले. ब्रिटनमधील वारसाचा राग गेलेला नाही.

छायाचित्रांची बाब निराळीच निघाली. अपघाताच्या आदल्या दिवशी छायाचित्रकाराने दरवाजाची तीन छायाचित्रे समाजमाध्यमावर टाकली होती आणि गल्लीचे नावही दिले होते. आठवड्याभरात जुन्या लाकडी वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने, दरवाजा विकाऊ आहे का, अशी विचारणा केली. गुजरातेतील जुन्या घरांचे कोरीव खांब, दरवाजे आणि झरोके सुटे करून विकले जातात हे जाणकारांना नवे नाही. घर बंद आणि मालक परदेशी, हे कळले की विचारणाऱ्यांचे धाडस वाढते. छायाचित्रे काढून टाकण्यात आली. तेव्हापासून गट कोणत्याही बंद घराचे ठिकाण जाहीर करीत नाही आणि छायाचित्र देण्यापूर्वी त्यातील स्थाननोंद पुसून टाकतो. मीही येथे तेच पाळले आहे.

लिस्बनच्या वारसाच्या संमतीने, जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या एका सुतार-मिस्त्रींना वडोदऱ्याहून नेण्यात आले. त्यांनी तुळयांच्या टोकांखाली तात्पुरते टेकू दिले, सरकलेली कौले बसवली आणि कोपऱ्यावर ताडपत्री बांधली. या कामाचा अर्धा खर्च गटाने उचलला. किल्ली सध्या तरी राखणदारांकडेच आहे.

काय निराळे करता आले असते

गटाने पुढील फेऱ्यांसाठी काही रीत ठरवली आहे आणि तिच्यातला बराचसा भाग मला पटतो. मालकाची संमती लेखी, निदान फोनवरील निरोपाच्या रूपात, मिळाल्याशिवाय कुलूप उघडायला सांगायचे नाही. वर कोण, केव्हा गेले होते हे आधी विचारायचे. लाकडी मजला असेल तर तुळयांची टोके खालून तपासल्याशिवाय वर पाऊल टाकायचे नाही, आणि ती तपासणी जुन्या घरांचे काम केलेल्या मिस्त्रीने करायची. पदवी कोणतीही असो, इतरांनी नाही.

एका मुद्द्यावर माझा गटाशी मतभेद आहे. यापुढे वरचा मजला सरसकट वर्ज्य करावा, असे दांपत्याचे आणि शिक्षकांचे म्हणणे आहे. अशा घरांतील वरच्या मजल्यांची रचना, सज्जाची जोडणी आणि छपराचा सांगाडा यांची नोंद कोणीच केली नाही, तर ती माहिती घरांबरोबर नष्ट होईल. म्हणून टेकू दिल्यानंतर, मिस्त्रींच्या देखरेखीखाली, एका वेळी एकाच माणसाने वर जाऊन मोजमाप घेणे मला रास्त वाटते. विद्यार्थिनीचेही हेच मत आहे, आणि ते काम आपणच पूर्ण करावे असा तिचा आग्रह आहे. तळमजल्याचा आराखडा तिने काढून दोन्ही वारसांना पाठवला आहे. वरच्या मजल्याचे मोजमाप ब्रिटनमधील वारसाचे लेखी उत्तर येईपर्यंत हाती घ्यायचे नाही, असे ताईंनी ठरवले असून ते उत्तर अद्याप आलेले नाही.